आज्ञा देवाची, अधिकार कोणाचा? कलबुर्गी-बिदर सीमाभागातील ख्रिस्ती आज्ञापालनाचा इतिहास

इ.स. 1912 मध्ये निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे, म्हणजे आजच्या कलबुर्गी शहरात, पंडिता रमाबाईंच्या पुढाकाराने एक ख्रिस्ती हायस्कूल उभे राहिले आणि त्याची धुरा त्यांची कन्या मनोरमाबाई यांच्याकडे आली. रमाबाईंच्या चरित्रात या शाळेला सहसा एखाद-दुसरे वाक्य मिळते, कारण पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती सदनापुढे ती लहान दिसते. मात्र सीमाभागातील ख्रिस्ती धर्मजीवनाचा विचार करताना हीच शाळा सोयीचा उंबरठा ठरते, कारण देवाच्या आज्ञेत राहणे म्हणजे नेमके कोणाचे ऐकणे, या प्रश्नाला ज्या बाईंनी आपल्या आयुष्याने उत्तर दिले, त्यांचे कार्य येथे थेट या मुलखाला भिडते.

हा मुलूख एका भाषेचा कधीच नव्हता. कलबुर्गी आणि बिदर हे दोन्ही जिल्हे निजामाच्या अमलाखाली होते, दरबारी कारभार उर्दूत चाले, आणि गावोगावी कन्नड, मराठी, तेलुगू व दखनी एकमेकींत मिसळलेल्या असत. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मराठी प्रदेशात गेले आणि भालकी, हुमनाबाद, औराद आजच्या कर्नाटकात आले. मुंबई-मद्रास लोहमार्गावर केडगाव, सोलापूर आणि गुलबर्गा एकाच रेषेत येत असल्याने केडगावची संस्था निजामाच्या हद्दीत पोहोचली, यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. स्वतः रमाबाईंचा जन्म 1858 मध्ये आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला होता, त्यामुळे कन्नड मुलूख त्यांना परका नव्हता.

ख्रिस्ती शास्त्रात आज्ञापालनाला जे स्थान आहे, ते समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. बायबलच्या जुन्या करारात शमुवेल संदेष्टा शौल राजाला बजावतो की, देवाला यज्ञबलीपेक्षा त्याचे ऐकणे अधिक प्रिय आहे. लुटीतील उत्तम मेंढरे अर्पणासाठी राखून ठेवणाऱ्या राजाला हा टोला होता, आणि कर्मकांडाच्या आडून आज्ञा टाळता येत नाही, असा त्याचा अर्थ होतो. नव्या करारात पौल आपल्या पत्रांत ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणाकडे परिपूर्ण आज्ञापालन म्हणून पाहतो. त्याच नव्या करारात पेत्र यरुशलेमच्या धर्मसभेला ठणकावतो की, माणसांच्या आधी देवाचे ऐकले पाहिजे. आज्ञेत राहणे आणि आज्ञा मोडणे या दोन्ही गोष्टी एकाच श्रद्धेतून उगवू शकतात, हे यातून स्पष्ट होते, आणि माणसांचा अधिकार कोठे संपतो हा वाद चर्चच्या इतिहासात वारंवार उठत राहिला.

रमाबाईंचा त्याच वादाशी सामना झाला तो इंग्लंडमध्ये. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे त्यांनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला, म्हणजे जलसंस्काराने ख्रिस्ती मंडळीत प्रवेश केला, आणि त्यानंतर लवकरच त्या अँग्लिकन जोगिणींच्या अपेक्षांना अवघड जाऊ लागल्या. त्या जोगिणींपैकी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार 1977 मध्ये छापला गेला. त्यात एका बाजूला नव्या विश्वासिणीने चर्चच्या शिकवणीपुढे मान तुकवावी असा आग्रह दिसतो, तर दुसऱ्या बाजूला भटांचे जोखड नुकतेच झुगारलेल्या एका पंडितेचा ठाम नकार. देवाचे वचन पाळणे निराळे आणि पाद्री-बिशपांच्या तोंडचा प्रत्येक शब्द पाळणे निराळे, असे त्यांनी तेथे निक्षून मांडले. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे एकच देव या सिद्धांताचा, प्रश्न त्यांना छळत होताच, पण क्रूसावरील लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत अक्षरे का नसावीत, असेही त्यांनी विचारले. रमाबाईंनी पुरुषांना शिकवण्यास भारतातील दोन बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्या चर्चेलाही अधिकाराचा रंग चढला. या पत्रांतील रमाबाई हट्टी वाटतात हे खरे, परंतु तो हट्ट तर्काचा होता: ज्या देवाला सदसद्विवेक शरण जातो, त्याच्या नावाने दुसरा माणूस आपली आज्ञा लादत असेल तर ती तपासून घेण्याचा हक्क विश्वासणाऱ्याला असतोच.

पुढे 1891 च्या सुमारास त्यांच्या धर्मजीवनात मोठा पालट झाला आणि देवाशी थेट संबंधाची भावना प्रबळ झाली. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीने भटकणाऱ्या सुमारे 300 मुली व स्त्रिया घेऊन परतल्या, आणि केडगावला मुक्ती सदनाचे काम उभे राहिले. हे काम देवाचे पाचारण मानून त्यावर विसंबणे आणि पैशांची पूर्ण तजवीज होण्याची वाट न पाहणे, हे त्यांच्या मते आज्ञेचे पालन होते. येथे एक पेचही नोंदवायला हवा: ज्या बाईंनी बिशपांचा अधिकार नाकारला, त्यांच्याच संस्थेत दिवसाचे वेळापत्रक, प्रार्थना व काम यांची शिस्त कडक होती. स्वतःला मिळालेली आज्ञा इतरांसाठी नियम बनते, या प्रक्रियेपासून मोठे सुधारकही सुटलेले नाहीत.

तरीही त्यांनी आपल्या मूळ भूमिकेला धरून एक मोठे काम हाती घेतले. देवाचेच वचन पाळायचे असेल तर ते खेड्यातील बाईला कळले पाहिजे, म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. हे काम वर्षानुवर्षे चालले, मुक्ती सदनातील छापखान्यात खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे स्त्रियांनीच केली, आणि संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, बाहेर पडला. ज्यांना एरवी धर्मग्रंथ हाताळण्याचीही मुभा नव्हती, त्या बायकांनी एकेक अक्षर उचलून तो जुळवला, ही गोष्ट आज्ञापालनाच्या इतिहासात कोणत्याही प्रवचनापेक्षा वजनदार आहे.

बिदर आणि कलबुर्गीच्या खेड्यांत मात्र हा प्रश्न पत्रांतून नव्हे, तर शिवारात व वेशीवर सुटत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकन मेथॉडिस्ट मिशन येथे काम करू लागले. मेथॉडिस्ट पंथ हा अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनी चालवलेल्या चळवळीतून निघाला, आणि त्याच्या नावातच शिस्तशीर पद्धतीचा बोध आहे. वेस्ली यांनी 1743 मध्ये सदस्यांसाठी घालून दिलेल्या सर्वसाधारण नियमांत अपकार टाळणे, शक्य ते भले करणे आणि उपासनेचे विधी पाळणे यांवर भर होता. सुमारे 12 जणांचा एक ‘क्लास’, म्हणजे छोटा गट, एका म्होरक्याच्या देखरेखीखाली आठवड्याला भरे व प्रत्येकाची चाल विचारली जाई. आज्ञापालन असे गटात तपासले जात असल्याने ते खासगी भक्तीपुरते राहत नव्हते.

या रचनेत जे आले त्यांत मादिग, होलेया, महार, मातंग अशा समाजांतील कुटुंबांचा वाटा मोठा होता, आणि त्यांच्यापुढे आज्ञेचा अर्थ अगदी व्यवहारी होता. देवीच्या जत्रेत हलगी वाजवणे, मेलेले जनावर ओढणे, मृत जनावराचे मांस घेणे ही कामे गावाने जातीवर लादलेली होती. ती सोडली की बलुत्याचा, म्हणजे सेवेबदली मिळणाऱ्या धान्याचा, वाटा बुडण्याची भीती असे, आणि ती सुरू ठेवली की देवाशिवाय इतरांच्या पूजेला हातभार लावल्याचा आक्षेप येई. शहरातील सुशिक्षित धर्मांतरिताला समाज सोडावा लागे, तर खेड्यातील माणसाला पाटील, शेजारी आणि पोटाची भाकर या तिन्हींचा हिशेब करावा लागे. त्यामुळे आज्ञा पाळण्याची किंमत रमाबाईंपेक्षा या कुटुंबांनी अधिक वेळा आणि अधिक निमूटपणे मोजली असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

बाहेरच्या निरीक्षकांना या समूहधर्मांतरांविषयी शंका होत्या, कारण लोक पोटासाठी आले असतील तर आज्ञापालन कसे टिकणार, असे विचारले जाई. मेथॉडिस्ट मिशनरी जे. वास्कम पिकेट यांनी 1933 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मुलखाला लागून असलेल्या विकाराबाद परिसराचाही समावेश होता. त्यांच्या निष्कर्षानुसार मूळ हेतूपेक्षा बाप्तिस्म्यानंतर मिळालेले शिक्षण व नियमित उपासना अधिक निर्णायक होती. हा निष्कर्ष मिशनच्या सोयीचा होता खरा, पण तो निराधार नव्हता.

विकाराबादजवळच्या धारूर येथे 1923 पासून भरणारी मेथॉडिस्ट जत्रा या घडणीचा वेगळा पुरावा देते. अमेरिकेत झाडाखाली तंबू ठोकून भरणाऱ्या शिबिरसभांचा वारसा तिच्या मुळाशी असला, तरी नोव्हेंबरात भाविकांना एकत्र आणणारी ही सभा लोकांनी जत्रेसारखीच अंगीकारली, आणि सीमेपलीकडून कर्नाटकातील कुटुंबेही तिला येत राहिली. ज्या जत्रेतील हलगी सोडणे हे आज्ञापालन ठरले, त्या जत्रेचा साचा देवाच्या सेवेसाठी पुन्हा वापरात आला, आणि त्यात विसंगती शोधणाऱ्यांना गावाकडची समजूत अपुरी पडते.

गुलबर्ग्याच्या शाळेमागच्या मायलेकींपैकी मनोरमाबाईंचे 24 जुलै 1921 रोजी निधन झाले आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईही गेल्या. मेथॉडिस्ट मंडळ्यांचा कारभार पुढे अनेक दशके अमेरिकन चर्चच्या चौकटीत राहिला, आणि 1981 मध्ये भारतीय मेथॉडिस्ट चर्च स्वायत्त झाले.