बंदरापासून शहरापर्यंत : इटलीतील किनारा सहलींचे गणित

भूमध्य समुद्रातील क्रूझच्या माहितीपत्रकात रोम, फ्लॉरेन्स, पिसा, नेपल्स, व्हेनिस ही नावे ठळक अक्षरांत छापलेली असतात. मात्र त्या नावांपुढे कंसात लहान टाइपात आणखी एक नाव असते, आणि प्रवाशाचा संपूर्ण दिवस त्या लहान अक्षरांवर अवलंबून असतो. रोमला बंदर नाही. फ्लॉरेन्सही समुद्रापासून दूर आहे. जहाज ज्या धक्क्याला लागते, तेथून ऐतिहासिक शहर गाठायचे, ते पाहायचे आणि जहाज सुटण्यापूर्वी परतायचे, या एका दिवसाच्या उपक्रमाला 'शोअर एक्सकर्शन' अर्थात किनारा सहल म्हणतात. क्रूझच्या भाड्यात तिचा खर्च सहसा धरलेला नसतो. त्यामुळे आयुष्यभराच्या बचतीतून युरोप पाहायला निघालेल्या प्रवाशाने या सहलींचे स्वरूप आधीच समजून घेणे हिताचे ठरते.

दिवसाचे खरे तास

जहाज सकाळी सात वाजता बंदरात आले आणि सायंकाळी साडेसहाला प्रवाशांनी परत चढायचे असेल, तर हातात साडेअकरा तास आहेत असे वाटते. प्रत्यक्षात जहाजातून उतरणे, गटानुसार एकत्र येणे आणि बसपर्यंत पोहोचणे यात तासभर जातो. रोमसाठी जाण्यायेण्यास प्रत्येकी दीड तास धरावा लागतो. परतीच्या वाटेवरील वाहतूक कोंडीसाठी आणखी एक तास राखून ठेवणे शहाणपणाचे असते. उरतात साडेसहा तास. त्यातून जेवणाचा तास वगळला, तर अडीच हजार वर्षांहून अधिक इतिहास असलेल्या शहरासाठी साडेपाच तास शिल्लक राहतात. तेवढ्या वेळात कलोसियम, रोमन फोरम, व्हॅटिकन संग्रहालये आणि सेंट पीटर्स बॅसिलिका हे सारे 'पाहिले' जाते, पण बहुतेक बसच्या खिडकीतून किंवा रांगेतून. अनुभवी प्रवासी म्हणूनच एका दिवसासाठी प्राचीन रोम किंवा व्हॅटिकन यांपैकी एकाचीच निवड करतात.

चिविटावेकिया : रोमचे दार

रोमपासून सुमारे सत्तर ते ऐंशी किलोमीटरवर असलेले चिविटावेकिया हे बंदर सम्राट ट्राजनने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी उभारले. बंदराचा विस्तार मोठा असल्याने धक्क्यापासून बाहेर येण्यासाठी बस वापरावी लागते. तेथील रेल्वे स्थानकावरून सुमारे तासाभरात रोम गाठता येते. प्रादेशिक गाड्यांचे कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात शिक्का मारून घ्यावे लागते. तो नसेल तर तिकीट जवळ असूनही दंड होऊ शकतो.

वाराचेही भान ठेवावे लागते. व्हॅटिकन संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार वगळता इतर रविवारी बंद असतात. सेंट पीटर्समध्ये खांदे व गुडघे झाकणारा पोशाख आवश्यक असतो. कलोसियमची तिकिटे २०२३ पासून नावानिशी दिली जातात आणि प्रवेशाच्या वेळी ओळखपत्र पाहिले जाते.

ज्यांनी रोम पूर्वी पाहिले आहे किंवा ज्यांना धावपळ नको आहे, त्यांच्यासाठी बंदराच्या जवळच तार्क्विनिया आहे. ख्रिस्तपूर्व काळातील इट्रुस्कन लोकांची येथील दफनभूमी जागतिक वारशाच्या यादीत २००४ मध्ये समाविष्ट झाली. सुमारे सहा हजार थडग्यांपैकी दोनशेच्या आसपास थडग्यांच्या भिंतींवर मेजवान्या, नर्तक, पक्षी आणि मासेमारीची चित्रे आहेत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची सवय असलेल्या मराठी डोळ्यांना ती विशेष जवळची वाटावीत. प्रवास अर्ध्या तासाचा, गर्दी कमी आणि वेळ भरपूर.

लिव्होर्नो : फ्लॉरेन्स, पिसा आणि टस्कनीचा ग्रामीण भाग

मेडिची घराण्याने विकसित केलेल्या लिव्होर्नो बंदरातून पिसा वीस-पंचवीस किलोमीटरवर, तर फ्लॉरेन्स सुमारे नव्वद किलोमीटरवर आहे. दोन्ही शहरे एकाच दिवसात दाखवणाऱ्या सहली लोकप्रिय असल्या तरी त्यांत फ्लॉरेन्सच्या वाट्याला जेमतेम तीन-चार तास येतात. पिसाचा मनोरा बांधण्यास ११७३ मध्ये सुरुवात झाली. कलण्याचे प्रमाण धोकादायक झाल्याने तो १९९० मध्ये बंद करण्यात आला आणि २००१ च्या अखेरीस पुन्हा खुला झाला. वर चढण्यासाठी ठरावीक वेळेचे तिकीट लागते आणि आठ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही.

फ्लॉरेन्समध्ये पर्यटक बस ऐतिहासिक भागात जाऊ शकत नाहीत. बस बाहेर थांबते आणि पुढचे अंतर दगडी फरसबंदीवरून पायीच कापावे लागते. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात उभारलेला कॅथेड्रलचा घुमट, १३४५ चा पाँते वेक्क्यो पूल आणि उफीझी संग्रहालय ही मुख्य आकर्षणे. उफीझी व मायकेल अँजेलोचा 'डेव्हिड' असलेले अकादेमिया संग्रहालय सोमवारी बंद असतात. जहाज सोमवारी लागणार असेल तर ही बाब आरक्षणापूर्वीच लक्षात घ्यावी.

मराठी प्रवाशाला या शहरात आणखी एक स्थळ खुणावते. इंग्लंडचा दौरा आटोपून मायदेशी परतत असताना कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांचे ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे निधन झाले. त्या वेळी ते अवघ्या विशीत होते. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. कॅथलिक युरोपात तेव्हा ही घटना अपूर्वच होती. तेथे १८७४ मध्ये त्यांचा अर्धपुतळा असलेली छत्री उभारण्यात आली. काशिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला ती आजही उभी आहे आणि जवळच्या पुलाला 'पाँते आल इंदियानो', म्हणजे भारतीयाचा पूल, असे नाव मिळाले आहे. जहाजाच्या सहलींच्या मार्गात हे स्थळ सहसा येत नाही. त्यासाठी स्वतंत्र टॅक्सी करून तासभर बाजूला काढावा लागतो.

ग्रामीण टस्कनीच्या सहलींत मध्ययुगीन मनोऱ्यांचे सान जिमिन्यानो, सिएना आणि कियांतीचे द्राक्षमळे यांचा समावेश असतो. सिएनाच्या चौकात दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्ट रोजी 'पालियो' ही घोड्यांची शर्यत होते. त्या दिवशी शहरात अलोट गर्दी असते. शेतघरातील जेवणाचा कार्यक्रम असेल तर त्यामागे 'आग्रितुरिस्मो' ही व्यवस्था असते. १९८५ च्या राष्ट्रीय कायद्याने तिला चौकट दिली. शेती हाच मुख्य व्यवसाय आणि पाहुणचार हा त्याला जोड, हे त्याचे सूत्र. महाराष्ट्रात रुजलेल्या कृषी पर्यटनाचा विचार करणाऱ्यांना ते पाहण्यासारखे आहे.

नेपल्स : राखेखालचे शहर

नेपल्सचे प्रवासी बंदर मात्र थेट शहराच्या मध्यभागी आहे. जहाजातून उतरल्यावर काही मिनिटांत जुन्या किल्ल्यापाशी पोहोचता येते. त्यामुळे स्वतःच्या हिमतीवर फिरण्यासाठी हे सर्वांत सोयीचे बंदर मानले जाते. सुमारे पंचवीस किलोमीटरवरील पॉम्पेई हे मुख्य आकर्षण. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडले गेलेले हे शहर १७४८ पासून खणून काढले जात असून, सहासष्ट हेक्टरांपैकी सुमारे एक तृतीयांश भाग अद्याप जमिनीखालीच आहे. राखेत उरलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून मृतांच्या अखेरच्या क्षणांचे आकार मिळवण्याची पद्धत १८६३ मध्ये ज्युसेप्पे फिओरेल्ली यांनी रूढ केली.

गर्दी आवरण्यासाठी नोव्हेंबर २०२४ पासून पॉम्पेईत दिवसाला वीस हजार प्रवेशांची मर्यादा घालण्यात आली आणि तिकिटेही नावानिशी झाली. रथांच्या चाकोऱ्या पडलेल्या दगडी वाटा, ओबडधोबड पायऱ्या आणि जवळजवळ नसलेली सावली यांमुळे उन्हाळ्यात ही सहल ज्येष्ठांना जड जाते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी नेपल्समधील पुरातत्त्व संग्रहालयाचा पर्याय अवश्य विचारात घ्यावा. पॉम्पेईतील अनेक उत्तमोत्तम भित्तिचित्रे आणि मोझेक तेथेच ठेवलेली आहेत.

व्हेनिस : बदललेला नकाशा

सेंट मार्क चौकासमोरून जाणाऱ्या अजस्र जहाजांचे दृश्य आता इतिहासजमा झाले आहे. पंचवीस हजार टनांहून मोठ्या जहाजांना १ ऑगस्ट २०२१ पासून त्या मार्गावर बंदी आहे. परिणामी काही जहाजे मार्घेरा येथे, तर काही राव्हेना किंवा त्रिएस्ते येथे लागतात. 'व्हेनिस (राव्हेना)' असे छापलेले असेल, तर बसचा एका बाजूचा प्रवास दोन तासांहून अधिक आहे, असे समजावे. राव्हेनाची पाचव्या-सहाव्या शतकांतील मोझेकही जागतिक वारसा असल्याने तेथेच थांबणे हा दुय्यम पर्याय मुळीच नव्हे.

व्हेनिसने २०२४ पासून ठरावीक दिवशी एका दिवसाच्या पाहुण्यांवर प्रवेश शुल्क लावले. त्याच वर्षी मार्गदर्शित गटांना पंचवीस जणांची मर्यादा आली आणि ध्वनिवर्धकावर बंदी घालण्यात आली. यामागे स्थानिकांची व्यथा आहे. एका सकाळी हजारो माणसे उतरतात, अरुंद गल्ल्या भरून टाकतात, जहाजावरच जेवतात आणि संध्याकाळी निघून जातात. शहराला झीज सोसावी लागते, मिळकत मात्र तुलनेने थोडी होते. स्थानिक खानावळीत जेवणारा आणि स्थानिक मार्गदर्शकाला मोबदला देणारा पाहुणा म्हणूनच अधिक स्वागतार्ह ठरतो.

कंपनीची सहल की स्वतंत्र भटकंती?

यातील कळीचा मुद्दा एकच : जहाज कोणासाठी थांबते? कंपनीनेच आयोजित केलेल्या सहलीची बस रस्त्यात अडकली, तर सर्वसाधारणपणे जहाज वाट पाहते किंवा प्रवाशांना पुढील बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही आणि पुढील बंदर गाठण्याचा सारा खर्च त्याच्याच माथी येतो. उलटपक्षी, स्वतंत्र सहल अनेकदा स्वस्त पडते, गट लहान असतो आणि थांबण्याचे स्वातंत्र्य मिळते. बंदर शहराला लागून असेल तर स्वतंत्र जावे, अंतर मोठे असेल किंवा रेल्वे संप जाहीर झालेला असेल तर कंपनीची सहल घ्यावी, हा ढोबळ नियम उपयोगी पडतो. इटलीतील संपांच्या तारखा सहसा आधी जाहीर होतात.

सहलीच्या वर्णनातील शब्दही नीट वाचावेत. 'दर्शन' आणि 'प्रवेश' यांत फरक आहे. पहिल्यात वास्तू बाहेरूनच दाखवली जाते. 'ऑन युवर ओन' असे लिहिले असेल तर केवळ बसची ने-आण असते, मार्गदर्शक नसतो. चालण्याचे प्रमाण सोपे, मध्यम की कठीण, हेही दिलेले असते.

भारतीय प्रवाशांसाठी

जहाज इटलीखेरीज तुर्कस्तान किंवा ट्युनिशियासारख्या शेंगेनबाहेरील देशाला स्पर्श करणार असेल, तर एकापेक्षा अधिक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा आवश्यक ठरतो. काही कंपन्या प्रवासादरम्यान पासपोर्ट स्वतःकडे ठेवतात. अशा वेळी त्याची व व्हिसाची छायाप्रत, जहाजाचे कार्ड आणि दैनिक पत्रकावर छापलेला बंदर प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक सोबत असावा. घड्याळ जहाजाच्या वेळेनुसार लावावे.

शाकाहाऱ्यांची उपासमार होण्याचे कारण नाही. लिव्होर्नोत हरभऱ्याच्या पिठाची 'तोर्ता दी चेची' मिळते. आपल्या धिरड्याचीच ती भट्टीत भाजलेली बहीण. मात्र पार्मेझान चीज तयार करताना वासराच्या जठरातील रेनेट वापरले जाते, हे कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

शेवटी, सहा तासांत शहर पाहून होत नाही. ते पाहायला पुन्हा कधी तरी यावे, एवढे मात्र त्या सहा तासांत नक्की ठरवता येते. यादीतील दहा ठिकाणांना स्पर्श करून परतणाऱ्यापेक्षा, एकाच चौकात निवांत बसून वेळेत धक्क्यावर पोहोचणारा प्रवासी अनेकदा अधिक काही घेऊन येतो.