गटाची वही, मनाची वही

जऊळक्याहून आम्ही बोलतोय, तुमच्यासारख्याच बचत गटातल्या बाया.

गटाची पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि पाचवं, हिशोब लिहिणं. पहिली चार सूत्रं आपण पाळतो. पाचव्याची वेळ आली की सगळ्या जणी एकीकडे बोट दाखवतो, ‘तू शिकलेली, तूच लिही.’ आज बोलायचं ते या पाचव्या सूत्राबद्दलच. फक्त हिशोब पैशाचा नाही, दिवसाचा.

हल्ली मोबाइलवर सारखं सांगतात की रोज रात्री झोपण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा, ज्यांच्याबद्दल तुम्ही कृतज्ञ आहात. आमच्या एका बैठकीत हा विषय निघाला तर एक ताई पटकन म्हणाली, ‘हे शिकलेल्या शहरी बायांचं काम. दिवसभर वावरात निंदून आल्यावर कोण वही घेऊन बसते?’ दुसरी म्हणाली, ‘आन् आभार कशाचे मानायचे, सोयाबीनच्या भावाचे?’ सगळ्या हसल्या. पण दोन्ही प्रश्न खरे आहेत. म्हणून आम्ही जरा मागं जाऊन पाहिलं, आपल्या मराठी मुलखात बायांनी असं काही केलं होतं का?

आधी शब्दच पाहू. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केलं हे ज्याला ठाऊक असतं तो कृतज्ञ. यात हात जोडून गप्प बसणं कुठंच नाही. जाणणं आहे, म्हणजे एका अर्थी नोंदच आहे. गावात आपण ‘धन्यवाद’ फारसं म्हणत नाही. आपण उतराई होतो, पांग फेडतो, उसनं परत करतो. वाटीभर साखर नेली तर रिकामी वाटी परत द्यायची नाही, एवढं प्रत्येकीला माहेरी शिकवलेलं असतं. हा हिशोब बाया पिढ्यान् पिढ्या तोंडी ठेवत आल्या आहेत.

या तोंडी हिशोबाची सगळ्यात मोठी वही म्हणजे जातं. पहाटे दळायला बसलेली बाई पहिल्या ओव्या देवाला, आईबापाला, भावाला, गावाला वाहायची. मग तिचं सासर यायचं, जाच यायचा, लेकीची काळजी यायची. आधी उपकार, मग दुःख, आणि दोन्ही एकाच दळणात. गिरण्या आल्या, जाती बंद पडली, आणि या ओव्या विरून जायच्या बेतात होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतेव्हिन या दोघांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायांना सोबत घेऊन त्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. त्या ओव्या गाणाऱ्या कित्येक जणींना सही करता येत नव्हती. तेव्हा ‘आम्हाला लिहिता येत नाही’ हे कारण आम्हाला तरी पटत नाही. आपल्या भागात भाद्रपद-आश्विनात पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात, त्यातही माहेरचं कौतुक आणि सासरची तक्रार शेजारी शेजारी बसलेली असतात.

आता लिहिलेल्याकडे येऊ. त्यासाठी फार लांब जायला नको, आपल्याच वऱ्हाडात अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर आहे. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे, पण आम्हाला ते गाव दोन जुन्या गोष्टींसाठी महत्त्वाचं वाटतं.

पहिली गोष्ट दीड हजार वर्षांपूर्वीची. वाकाटक राजांची एक शाखा आपल्या वाशिमला, म्हणजे तेव्हाच्या वत्सगुल्माला राज्य करत होती, हे शाळेत शिकवतात. दुसरी शाखा नागपूरकडे नंदिवर्धनला होती. त्या घरातली राणी प्रभावतीगुप्ता. नवरा गेला, मुलं लहान, म्हणून राज्यकारभार तिनं पाहिला. तिनं दिलेल्या जमिनीचे ताम्रपट सापडले आहेत आणि त्यातला एक रिद्धपूरचा आहे. त्यात तिनं आपल्या माहेरच्या गुप्त घराण्याची वंशावळ दिली आहे. विचार करा बायांनो, तांब्याच्या पत्र्यावर एका विधवेनं माहेरचं ऋण कोरून ठेवलं, आणि आज सातबाऱ्यावर आपलं नाव शोधायला गेलं तर बहुतेकींना सापडत नाही.

दुसरी गोष्ट तेराव्या शतकाच्या शेवटाची. चक्रधर स्वामी निघून गेल्यावर त्यांची माणसं रिद्धपुरात जमली होती. म्हाइंभट नावाच्या शिष्यानं ठरवलं की स्वामींच्या आठवणी विरायच्या आधी लिहून काढायच्या. तो एकेकाला भेटत गेला. तुम्ही काय पाहिलं, स्वामी तेव्हा काय बोलले, कुठं बसले होते, असं विचारत गेला. त्यातून ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं, मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ. स्वामींच्या भोवती बाया पुष्कळ होत्या. महदाइसा तर सारखे प्रश्न विचारणारी म्हणून त्या ग्रंथात दिसते, आणि तिनं स्वतः रचलेले धवळे आजही आपल्याकडे आहेत. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात. परंपरा असंही सांगते की एका पंडितानं संस्कृतात लिहायची परवानगी मागितली, तेव्हा आचार्य नागदेवांनी त्याला अडवलं. आपल्या म्हाताऱ्या बायांना मग काही कळणार नाही, त्या वंचित राहतील, असं त्यांचं म्हणणं होतं. मराठीत लिहा, कारण बायांना समजलं पाहिजे. सातशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आम्ही बैठकीत सांगितली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आमच्यातल्या वयस्कर आज्यांना झाला.

पण दुसऱ्याच्या आठवणी लिहिणं वेगळं आणि स्वतःच्या लिहिणं वेगळं. स्वतःचं लिहायला बाईला फार किंमत मोजावी लागली. सतराव्या शतकात शिऊरच्या संत बहिणाबाईंनी अभंगांतून आपलं आयुष्य सांगितलं. तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्यानं मारलं, हेही त्यात आहे. गुरूचे उपकार आणि नवऱ्याचा मार, दोन्ही नोंदी एकाच बाईच्या हातच्या. (खान्देशातल्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांची गाणी लेकानं आणि नातलगानं उतरवून ठेवली. आपल्याकडे दोघींची नेहमी गल्लत होते, म्हणून सांगितलं.)

सावित्रीबाई फुल्यांचं १८५६ सालचं एक पत्र आम्हाला फार आवडतं. त्या आजारी होत्या, माहेरी नायगावला होत्या. तिथून त्यांनी जोतिबांना लिहिलं. स्वतःच्या दुखण्यातही त्यांना आठवण आली ती फातिमाची, की आपल्या मागे तिच्यावर कामाचा भार पडला असेल आणि तरी ती कुरकुर करणार नाही. बास, एवढंच. आपल्या जागी कोण राबतं आहे, याची जाण. याहून चांगली कृतज्ञतेची नोंद कशी असते, आम्हाला माहीत नाही. आम्ही गटात हेच सांगतो की ‘देवा, तुझे आभार’ एवढं लिहून थांबू नका, माणसाचं नाव लिहा, काम लिहा. ‘आज शेजारच्या काकूनं माझ्या लेकराला जेवू घातलं म्हणून मला दवाखान्यात जाता आलं,’ असं.

आता यातला धोका. बाईला ‘समाधानी राहा, उपकार मान’ हे सांगायला सगळेच टपलेले असतात. नवरा मारत नाही ना, मग मान आभार. मजुरी मिळते ना, मग कमी का म्हणून विचारू नको. अशी कृतज्ञता आम्हाला नको. आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापली. सुरतेकडच्या एका विधवेला शिक्षा झाली आणि सगळे बायांनाच नावं ठेवू लागले, तेव्हा पेटून उठून त्यांनी लिहिलं. ते पुस्तक नंतर इतकं विसरलं गेलं की १९७५मध्ये पुन्हा छापलं तेव्हा लोकांना नव्यानं कळलं. जे वहीत आणि छापात राहिलं तेच नव्वद वर्षांनी सापडू शकलं.

रमाबाई रानड्यांचं पुस्तक याच्या उलट टोकाचं वाटेल. अकराव्या वर्षी लग्न, नवऱ्यानं अक्षरं शिकवली, घरातल्या वडीलधाऱ्या बायांनी त्यासाठी छळलं, टोमणे मारले. न्यायमूर्ती गेल्यावर १९१०मध्ये त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिल्या. पानोपानी नवऱ्याचे उपकार आहेत. पण नीट वाचलं तर त्याच पानांत घरातला जाचही जसाच्या तसा आहे. रमाबाईंनी तो लपवला नाही, फक्त आवाज चढवला नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’मध्ये, पहिला भाग १९३४चा, प्रेम आणि भांडण तर अगदी गळ्यात गळा घालून येतात. शाळा अशी त्या शिकल्याच नव्हत्या. ओट्यावर बसून बोलावं तसं त्यांनी लिहिलं, आणि तेच मराठीतलं उत्तम लेखन ठरलं. आमच्या मते कोणाला वही सुरू करायची असेल तर आधी लक्ष्मीबाई वाचाव्यात, म्हणजे ‘शुद्ध लिहिता येत नाही’ ही भीती जाते.

पण खरी आपली वाटते ती फलटणची बेबीताई कांबळे. लहानसं किराणा दुकान चालवायची. माल बांधायला रद्दीचे पेपर यायचे, ते वाचता वाचता वाचायची गोडी लागली आणि मग ती लिहू लागली. नवऱ्याला कळलं तर काय होईल या भीतीनं कागद घरात लपवून ठेवायची. वीस वर्षं! ते लेखन १९८२मध्ये ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आलं आणि १९८६मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. बाबासाहेबांचं ऋण त्यात भरभरून आहे, आणि महारवाड्यातल्या बायांनी घराबाहेर आणि घरात काय सोसलं हेही कोणाची भीड न धरता लिहिलं आहे.

बेबीताईंचं सांगितलं की आमच्याकडे हमखास प्रश्न येतो, ‘घरच्यांनी वही वाचली तर?’ याला गुळगुळीत उत्तर नाही. लढा, घाबरू नका, असं सांगणं आम्हाला सोपं आहे, रात्री घरात तुम्हालाच राहायचं आहे. म्हणून आमच्या एका गटानं ठरवलं की ज्यांना वही घरी ठेवायची नाही त्यांनी ती गटाच्या पेटीत ठेवावी, रजिस्टरच्या खाली. दुसरीची वही उघडायची नाही. हा नियम आम्ही ठरावाच्या वहीत रीतसर लिहिला आहे, सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांसह. जिला लिहिता येत नाही ती लेकीला किंवा मैत्रिणीला सांगते. आणि जे कोणालाच सांगायचं नाही, त्यासाठी एकीनं नुसती खूण ठरवली आहे. त्या दिवशी पानावर एक फुली. फुली का, ते तिला ठाऊक.

बाहेरच्या देशातल्या अभ्यासकांनी हे तपासून पाहिलं आहे. अमेरिकेत एमन्स आणि मॅकलो या दोघांनी २००३मध्ये छापलेल्या अभ्यासात काही जणांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांचे आभार मानावेसे वाटतात अशा गोष्टी लिहायला सांगितल्या आणि काहींना कटकटी लिहायला. आभार लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य बरं वाटू लागलं. त्याआधी १९८६मध्ये पेनीबेकर यांनी उलट बाजू पाहिली होती. मनात दडवलेलं दुःख चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी जावं लागलं. म्हणजे जात्यावरच्या बाईचंच बरोबर होतं, दोन्ही बाजू लागतात. पहिला अभ्यास आठवड्यातून एकदाचा होता, हे लक्षात घ्या. रोज जमलं नाही म्हणून वही टाकून देऊ नका. बैठकीचा दिवस तर ठरलेलाच आहे.

आपल्या वहीची रीत आम्ही गटाच्या हिशोबासारखीच ठेवली. डाव्या पानावर जमा, आज कोणी काय दिलं. उजव्या पानावर नावे, मी कोणाला काय दिलं. हे दुसरं पान लिहिताना बाया अडखळतात. ‘मी काय दिलं? घरचंच तर काम केलं.’ मग आम्ही विचारतो, पहाटे उठून पाणी कोणी भरलं? सोंगणीला किती दिवस गेलीस? म्हातारीचं औषधपाणी कोणाकडे आहे? पान भरतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो, त्यांना हळद-तूप लावतो, कारण वर्षभर त्या खांद्यानं ओढलं. बैलाला पोळा आहे, बाईच्या खांद्याला पंचांगात दिवस नाही. निदान उजवं पान असू द्या. एका ताईनं सोंगणीच्या हंगामातले आपले दिवस असेच मांडून ठेवले होते. मजुरीचा हिशोब करायच्या वेळी मालकाचे आणि तिचे दिवस जुळेनात, तर तिनं वही उघडून तारखा वाचून दाखवल्या. राहिलेली मजुरी तिला मिळाली. ती आधी कृतज्ञतेची वही म्हणून हसणाऱ्यांतलीच होती.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक शंभर पानी वही आणि एक पेन आणावं. पहिल्या पानावर तारीख टाका आणि जिनं तुम्हाला पहिलं अक्षर किंवा पहिली ओवी शिकवली तिचं नाव लिहा. आई असेल, आजी असेल, बाई असतील, नाही तर तुमचीच लेक असेल. ज्यांना लिहायला मदत लागेल त्यांनी अर्धा तास आधी या, आम्ही सतरंजी टाकून बसलेल्या असू.