स्पेनची पहिली सुवर्णविजेती : मिरियाम ब्लास्को

ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांचे यश म्हटले की धावणे, पोहणे किंवा टेनिस हेच खेळ आपल्या नजरेपुढे येतात. स्पेन देशाच्या स्त्रीने ऑलिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळविले ते मात्र ज्युदो या झोंबीच्या खेळात. तो दिवस ३१ जुलै १९९२, गाव बार्सिलोना आणि त्या खेळाडूचे नाव मिरियाम ब्लास्को. स्पेनच्या स्त्रिया ऑलिंपिकला प्रथम गेल्या त्या १९२४ साली, पॅरिसला. लिली आल्वारेझ व रोसा तोर्रास या त्या दोन टेनिसपटू. तेथून सुवर्णपदकापर्यंत यावयास ६८ वर्षे लागली.

एवढा काळ का लागला, याचे कारण स्पेनच्या इतिहासात आहे. १९३९ पासून १९७५ पर्यंत त्या देशावर जनरल फ्रँकोची एकतंत्री सत्ता होती. विवाहित स्त्रीस नोकरी धरावयाची असो की बँकेत खाते उघडावयाचे असो, नवऱ्याची संमती लागे. हा कायदा रद्द झाला तो १९७५ च्या मे महिन्यात. मुलींच्या शारीरिक शिक्षणाची सूत्रे ‘सेक्सिओन फेमेनिना’ या सरकारी स्त्री-संघटनेच्या हाती होती. तिने मुलींना कवायत व लोकनृत्ये शिकविली, हे खरे. पण शरीर कमवावयाचे ते सुदृढ माता होण्यासाठी, हीच तिची शिकवण. १२ डिसेंबर १९६३ रोजी व्हायाडोलिड शहरी जन्मलेल्या मिरियामला नवऱ्याच्या संमतीचा तो कायदा गेला तेव्हा बारावे वर्ष चालू होते.

आता या खेळाविषयी थोडे सांगावयास हवे. ज्युदो म्हणजे ‘मृदू मार्ग’. जिगोरो कानो या जपानी शिक्षकाने १८८२ मध्ये तोक्योत तो सुरू केला. आपल्या कुस्तीशी याचे बरेच साम्य आहे; मात्र येथे जाड सुती अंगरखा असतो आणि त्याची बाही व गळपट्टी धरूनच डाव टाकावयाचे असतात. समोरच्याने जोर लावला की त्याच जोराचा उपयोग करून त्यास पाडावयाचे, ही यातली खरी खुबी. पाठीवर जोरदार आदळले की ‘इप्पोन’, म्हणजे आपल्याकडची चीतपट, आणि लढत तेथेच संपते. खाली दाबून ठेवूनही जिंकता येते. त्या काळी ३० सेकंद दाबून धरावे लागे. स्त्रियांची लढत तेव्हा ४ मिनिटांची असे. ऐकावयास ४ मिनिटे थोडी वाटतात, परंतु कोणी अंगरखा धरून ओढत असता ती किती लांबतात, हे ज्यांनी लहानपणी भावंडांशी झोंबी घेतली आहे त्यांस सांगावयास नको!

या खेळात स्त्रियांना सामने मिळावेत म्हणून झगडली ती रस्टी कानोकोगी ही अमेरिकन बाई. १९५९ साली न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथे केस कापून, छाती बांधून ती पुरुषांच्या संघातून उतरली व जिंकली. स्त्री असल्याचे कळताच तिला पदक परत करावे लागले. पुढे १९८० मध्ये तिनेच न्यूयॉर्कला स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा भरविली. त्यासाठी राहते घर गहाण टाकले. १९८८ साली सोलला स्त्रियांचा ज्युदो केवळ प्रदर्शनापुरता होता. खरी पदके प्रथम ठेवली गेली ती १९९२ मध्ये, बार्सिलोनातच.

मिरियाम व्हायाडोलिड सोडून समुद्रकाठच्या आलिकान्ते शहरी गेली, ती सेर्खिओ कार्देल या प्रशिक्षकाकडे शिकावयास. तिचा वजनगट ५६ किलोंचा. १९९१ हे तिचे भरभराटीचे वर्ष. प्राग येथे ती युरोपची विजेती ठरली आणि त्याच वर्षी बार्सिलोनाला जगज्जेती. साहजिकच पुढच्या वर्षी, घरच्याच मैदानावर, सर्वांचे डोळे तिच्याकडे लागले. आणि ऑलिंपिकला काही आठवडेच उरले असता कार्देल रस्त्यावरील अपघातात मृत्यू पावला. ज्या गुरूने डाव घटवून घेतले, तो गादीच्या कडेला नसणार, हे मनाशी धरून तिला उतरावयाचे होते. माझ्या मते त्या पदकाची किंमत त्याचमुळे नुसत्या सोन्याहून निराळी आहे.

अंतिम लढतीत समोर होती ब्रिटनची निकोला फेअरब्रदर. मिरियाम जिंकली, व ते पदक तिने कार्देलच्या स्मृतीस वाहिले. त्याच वर्षी फेब्रुवारीत बर्फावरील घसरशर्यतीत ब्लांका फर्नांडेझ ओचोआने कांस्यपदक आणले होते. स्पेनच्या स्त्रीचे ते पहिले ऑलिंपिक पदक. आता सोनेही आले. विशेष म्हणजे दुसऱ्याच दिवशी, १ ऑगस्टला, व्हॅलेन्सियाच्या आल्मुदेना मुन्योसने ५२ किलो गटात जपानच्या नोरिको मिझोगुचीला हरवून दुसरे सुवर्ण मिळविले. त्या ऑलिंपिकात स्पेनने एकंदर १३ सुवर्णपदके जिंकली. त्यांत नौकाशर्यत व हॉकी धरून चार स्त्रियांची होती.

हरलेल्या निकोलाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. १९९३ साली तीही जगज्जेती झाली. मैदानावरील या दोन प्रतिस्पर्धी पुढे एकमेकींच्या जीवनाच्या सोबती झाल्या आणि त्यांनी विवाह केला. स्पेनमध्ये दोन स्त्रियांच्या विवाहास २००५ पासून कायद्याची मान्यता आहे. मिरियाम राजकारणातही शिरली व आलिकान्तेतर्फे स्पेनच्या सिनेटमध्ये बसली.

तिच्याच वजनगटात, त्याच आलिकान्ते भागातून, इसाबेल फर्नांडेझ पुढे आली. १९९६ ला अटलांटात तिला कांस्यपदक मिळाले. १९९७ मध्ये ती जगज्जेती झाली, आणि २००० साली सिडनीत क्युबाच्या ड्रियुलिस गोन्झालेसला हरवून तिने सुवर्ण घेतले. ही ड्रियुलिस म्हणजे बार्सिलोनात मिरियामच्याच गटात कांस्यपदक मिळविलेली खेळाडू. २००४ साली अथेन्सच्या उद्घाटन-संचलनात स्पेनचा ध्वज इसाबेलच्या हाती होता.