धातूचा थकवा, स्नायूचा थकवा : जगदीशचंद्र बोस ते शुभांशु शुक्ला

२५ जून २०२५ रोजी ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला अंतराळात झेपावले आणि दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचले. तेथील सुमारे अठरा दिवसांच्या मुक्कामात त्यांनी जे भारतीय प्रयोग हाताळले, त्यांपैकी एक बेंगळुरूच्या ‘इनस्टेम’ या संस्थेचा होता. वजनरहित अवस्थेत स्नायूंची पुनर्निर्मिती का मंदावते आणि चयापचयाला साहाय्यक द्रव्ये दिल्यास ती सुधारते का, हा त्यामागचा प्रश्न. स्नायू कशाने दुबळा होतो, या शोधाचा इतिहास मात्र अंतराळयुगाहून जुना आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे पान कोलकात्यातील एका भौतिकशास्त्रज्ञाने लिहिले आहे.

थकवा मोजता येतो, हे प्रथम ठळकपणे दाखवले तुरीनच्या आंजेलो मोस्सो यांनी. त्यांच्या ‘एर्गोग्राफ’ या उपकरणात हात घट्ट बांधलेला असे. एकाच बोटाने ठरावीक तालावर वजन उचलायचे आणि प्रत्येक उचल काजळी लावलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेघेच्या रूपाने उमटायची. रेघा हळूहळू आखूड होत जात. प्रत्येक माणसाच्या थकव्याचा आलेख वेगळा असतो आणि तो बराच काळ तसाच राहतो, हे मोस्सो यांच्या लक्षात आले. दिवसभर तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या सहकाऱ्याच्या बोटाची ताकदही घटलेली आढळली. बोटाने काहीच काम केले नव्हते, मेंदूने केले होते. थकवा केवळ स्नायूत नसतो, याचा हा आरंभीचा पुरावा. मोस्सो यांचा थकव्यावरील ग्रंथ १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच दशकात कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस विद्युतचुंबकीय लहरींवर काम करत होते. लहरी टिपणारा त्यांचा धातूचा ग्राही सतत वापरल्यास मंद होई आणि काही काळ विसावा दिल्यास पुन्हा पूर्ववत होई. बोस यांना हा थकवाच वाटला. त्यांनी धातू, वनस्पती आणि प्राण्यांचे स्नायू यांना एकाच पद्धतीने उत्तेजना देऊन विद्युत प्रतिसादांचे आलेख काढले. ते विलक्षण सारखे निघाले. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हे आलेख मांडले. ज्येष्ठ शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला आणि रॉयल सोसायटीने त्यांचा निबंध छापला नाही. पुढच्याच वर्षी बोस यांनी सजीव आणि निर्जीव यांच्या प्रतिसादांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

बोस यांची मोजमापे काटेकोर होती. प्रश्न अनुमानाचा होता. दोन आलेखांचा आकार सारखा असला म्हणून त्यांमागची यंत्रणा एकच असते, असे नाही. आणि थकव्याचा एकच आलेख काढून थांबले, तर सजीव-निर्जीवांतला मुख्य भेद दृष्टीआड राहतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, पण कपाटात वर्षभर ठेवली म्हणून ती बारीक होत नाही. स्नायूचे उलट आहे. झेपेल असा भार आणि मग विश्रांती मिळाली, तर तो पूर्वीहून सबळ होतो. भारच काढून घेतला, तर तो काही आठवड्यांत झिजू लागतो. कारण स्नायूतील प्रथिने अखंड घडत आणि मोडत असतात. भार हा त्या घडणीचा संदेश असतो.

हा संदेश आणि थकवा यांचा उलगडा सरळ रेषेत झाला नाही. १९०७ मध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी थकलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साठते हे दाखवले, आणि तेच थकव्याचे मूळ अशी समजूत रुजली. १९३० मध्ये लुंड्सगार्ड यांनी हे आम्ल तयारच होणार नाही असा रासायनिक अटकाव केला. तरीही स्नायू आकुंचन पावत राहिला आणि थकलाही. आज फॉस्फेटचा संचय, कॅल्शियमचे घटते उत्सर्जन आणि मज्जासंस्थेकडून येणारी क्षीण आज्ञा ही कारणे अधिक महत्त्वाची मानली जातात. जुनी समजूत मात्र व्यायामशाळांतून अजून हललेली नाही.

भार आणि विश्रांती यांचा तोल दोन्ही बाजूंनी ढळू शकतो. विश्रांतीविना सराव वाढवत नेला की खेळाडूची कामगिरी घसरते, झोप बिघडते, उत्साह मावळतो, आणि पूर्वपदावर येण्यास कधीकधी महिने लागतात. या अतिसरावाचे निश्चित निदान करणारी एकही चाचणी आजवर उपलब्ध नाही.

दुसऱ्या टोकाचा धडा १९६० च्या दशकात मिळाला. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवण्यात आले. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी तेच पाचजण पुन्हा तपासले गेले, तेव्हा वयाने केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीहून कमी भरली. १९७० मध्ये सोयूझ-९ मधील निकोलायेव आणि सेवास्त्यानोव सुमारे अठरा दिवसांनी परतले, तेव्हा त्यांना उभे राहणेही कठीण झाले होते. पुढे अंतराळ स्थानकांवर व्यायाम हा दिनक्रमाचा भाग झाला. आज त्यासाठी रोज सुमारे दोन तास राखलेले असतात.

एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा यांनी सॅल्यूत-७ वर योगासने केली, ती याच प्रश्नाच्या शोधात. योगाभ्यास वजनरहित अवस्थेत स्नायूंना सांभाळू शकतो का, हे त्यांना तपासायचे होते. जेमतेम आठ दिवसांची मोहीम आणि मोजकी माणसे, एवढ्यावर पक्का निष्कर्ष उभा राहू शकत नाही. प्रश्न मात्र योग्य होता.

एकेचाळीस वर्षांनी शुक्ला यांनी तोच प्रश्न पेशींच्या पातळीवर नेला. २०३५ पर्यंत भारताचे स्वतःचे अंतराळ स्थानक उभारण्याचे उद्दिष्ट आहे. तेथे महिनोन्‌महिने राहणाऱ्यांना त्याचे उत्तर लागेल. त्याहून अधिक ते लागेल जमिनीवर, मांडीचे हाड मोडून खाटेला खिळलेल्या वृद्धांना. त्यांचा स्नायू गुरुत्वाकर्षणाच्या कक्षेत असूनही भाराला मुकलेला असतो. वैद्यकीयदृष्ट्या शक्य होताच रुग्णाला उठवून चालवण्याचा आग्रह आजचे डॉक्टर धरतात, त्यामागे हाच इतिहास आहे. धातूला विसावा पुरतो. स्नायूला विसाव्यानंतर कामही लागते.