इतर जिल्हा मार्गाचे कूळ

फ्रान्सच्या गॅस्कनीत किंवा दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात सायकल घेऊन गेलेले लोक परतल्यावर साधारण एकच वर्णन करतात: हलकेच वरखाली होणारा मुलूख, गावाला गाव जोडणारी अरुंद डांबरी सडक आणि क्वचित एखादी मोटार. ऐकणाऱ्याला वाटते, हे त्या भूमीचेच देणे असणार. नाशिक जिल्ह्यातल्या ओझरहून जानोरी-मोहाडीच्या अंगाने दिंडोरीकडचे रस्ते ज्याने पाहिले आहेत, त्याला हे वर्णन फारसे परके वाटणार नाही. निफाड तालुक्यातली सपाट काळी जमीन मागे पडते, सह्याद्रीच्या दिशेने जमीन सावकाश उचलत जाते, ओहोळ आला की रस्ता उतरतो आणि पुन्हा चढतो, बाजूंना द्राक्षाचे मांडव. मुंबई-आग्रा महामार्गाची घरघर तिथून फार लांब नसते, तरी ती ऐकू येत नाही. असा रस्ता अस्तित्वात येतो कसा, याचे उत्तर सायकलच्या इतिहासात शोधायची आपल्याला सवय लागली आहे. माझ्या मते ते रस्त्यांच्या सरकारी दप्तरात आहे. आडरस्त्याने लांबवर सायकल मारण्याची रीत सायकलस्वारांनी रूढ केली हे खरे, पण ती जन्माला आली ती रस्त्यांच्या उतरंडीतून, आणि हे फ्रान्सला जितके लागू आहे तितकेच ओझरलाही.

फ्रान्सपासून सुरुवात करू. 21 मे 1836 रोजी तिथे गावरस्त्यांचा कायदा झाला. त्याने प्रत्येक गावावर आपापल्या रस्त्यांची जबाबदारी टाकली. जो पैसे भरणार नाही त्या धडधाकट पुरुषाने वर्षाला तीन दिवसांपर्यंत रस्त्यावर राबायचे, बैल-घोडे आणि गाड्या असतील तर त्याही आणायच्या. वेठबिगारीची आठवण ताजी असताना हा नियम लोकांना किती गोड लागला असेल ते सांगायला नको. पण त्याच कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात या रस्त्यांवर देखरेख करणारे पगारी अधिकारी नेमता आले, आणि पुढच्या पन्नास वर्षांत खडीच्या गावरस्त्यांचे दाट जाळे विणले गेले. हेतू एकच होता: शेतमाल बाजारात आणि पुढे रेल्वे स्थानकापर्यंत पोचावा. दोन चाके आणि साखळी असलेली आजच्यासारखी सायकल अवतरली ती 1885 च्या आसपास, म्हणजे जाळे बरेचसे तयार झाल्यावर.

आता गंमत अशी की, हे जाळे समोर पसरलेले असताना सुरुवातीच्या काळातली मोठी लांब पल्ल्याची शर्यत त्यावरून धावलीच नाही. 1891 मध्ये ‘ल पती जुर्नाल’ या दैनिकाच्या पिएर जिफारने पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे 1200 किलोमीटरची शर्यत भरवली. शार्ल तेराँ ती सुमारे 71 तासांत जिंकला. मार्ग होता ब्रेस्टकडे जाणारा सरळ राजमार्ग, कारण तेव्हा तो राजमार्गच शांत होता. लांबची वाहतूक रेल्वेने ओढून नेली होती आणि मोटार अजून यायची होती. मोटारी आल्या, वाढल्या, आणि सायकल बाजूला ढकलली गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच मोहीम मुख्य रस्ता सोडून आतल्या, चढउतारांच्या रस्त्यांवर गेली. याच काळात द्रुतगती मार्ग झाले, आणि 1972 च्या सुमारास हजारो किलोमीटरचे जुने राष्ट्रीय रस्ते केंद्राने जिल्ह्यांच्या हवाली केले. वरच्या पायरीने गर्दी उचलली म्हणून खालची पायरी मोकळी राहिली. आज पर्यटनाच्या जाहिरातीत दिसणारा फ्रान्सचा निवांत रस्ता या हिशेबाने बराच अर्वाचीन आहे.

यावर एक आक्षेप लगेच येईल. इंग्लंड-अमेरिकेत चांगल्या रस्त्यांची मागणी सायकलस्वारांनीच लावून धरली होती. इंग्लंडमध्ये 1886 मध्ये त्यासाठी संघटना उभी राहिली, अमेरिकेत 1880 मध्ये स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या संघाने हेच आंदोलन केले. मग सायकल कर्ती नाही कशी? आक्षेप वजनदार आहे, पण तो जे सिद्ध करतो ते वेगळे आहे. त्या चळवळींनी रस्ता गुळगुळीत करून मागितला, आणि गुळगुळीत रस्त्यावर पुढे मोटारींनी हक्क सांगितला. शांतता ही त्यांची मागणी नव्हतीच, कारण ती तेव्हा फुकट होती. फ्रान्समध्ये या प्रथेला विचारांची बैठक दिली ती सेंत एत्येनच्या पॉल द विव्ही यांनी. ‘वेलोसियो’ या नावाने ते ‘ल सिक्लिस्त’ मासिकात लिहीत, शर्यतीपेक्षा भटकंती थोर मानत आणि डोंगरी रस्त्यांसाठी अनेक गिअरांचा आग्रह धरत. तूर द फ्रान्सने साखळी सरकवणारा गिअर सर्रास वापरू दिला तो 1937 मध्ये, विव्ही गेल्यानंतर सात वर्षांनी. चढउतारांचा आडरस्ता सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय त्यांच्यासारख्यांना द्यायलाच हवे. पण रस्ता त्यांच्या आधीपासून तिथे होता.

आपल्याकडची वंशावळ अधिक खडतर आहे. मुंबई इलाख्यात 1869 च्या कायद्याने सारा भरणाऱ्याकडून रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाऊ लागला, तो रस्ते आणि शाळांसाठी. फ्रेंच शेतकऱ्याने अंगमेहनत दिली, इथल्याने आणा दिला. 1943 मध्ये नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि तिथे देशातल्या रस्त्यांची प्रतवारी ठरली. आजही बांधकाम खात्याच्या फलकांवर दिसणारे प्रजिमा, इजिमा, ग्रामा हे लघुरूपांचे कुटुंब त्याच प्रतवारीतून उतरले: प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि शेवटचे दोन त्यांच्या पदरात पडले. त्याही खाली पाणंद आणि शिवरस्ता आहेतच, ज्यांची नोंद गावनकाशावर असते आणि भांडणे तहसीलदारापुढे. मग 1972 चा दुष्काळ आला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीला राज्यभर रूप आले, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. त्या वर्षांत बायाबापड्यांनी फोडलेल्या खडीवर महाराष्ट्रातले असंख्य गावरस्ते उभे आहेत. ज्या सुमारास फ्रान्समध्ये जुने राजमार्ग जिल्ह्यांकडे सोपवले जात होते, त्याच सुमारास इथे उपाशी माणसे गावरस्ता घालत होती. योगायोगच, पण दोन देशांतल्या आडरस्त्यांच्या कुळातला फरक त्यात दिसतो. डांबर मात्र पुष्कळ ठिकाणी 2000 च्या अखेरीस सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेनंतर आले. या रस्त्यांच्या डांबरी पट्ट्याची नेहमीची रुंदी 3.75 मीटर, एकेरी वाहतुकीपुरती. समोरून ट्रॅक्टर आला तर कोणाला तरी साइडपट्टीवर उतरावे लागते. वेग आपोआप आवरला जातो तो या रुंदीने, कोणत्याही फलकाने नव्हे.

ओझरला ही उतरंड एका नजरेत दिसते. गावाच्या अंगावरून जाणारा आग्रा रोड रुंद होत गेला. 1964 मध्ये मिग विमानांचा कारखाना आला, वसाहत आली, धावपट्टी आली. बाणगंगेच्या काठची शेती मात्र कालव्याच्या पाण्यावर द्राक्षाकडे वळली, आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वाघाड धरणाच्या पाणीवापर संस्था ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने उभ्या राहिल्या. पाणी शेवटच्या शेतापर्यंत नेणाऱ्या व्यवस्थेला माल बाहेर काढणारा रस्ताही लागतोच. नगदी पीक, लहान जमीनधारणा आणि जवळजवळची गावे एकत्र आली की रस्त्यांचे जाळे दाट होते. सायकलस्वाराला हवे असलेले फाटे त्या घनतेतून मिळतात. ओसाड मुलखात शांतता पुष्कळ असते, पण वळायला रस्ता नसतो.

कोणी म्हणेल, नाशिकची सायकल तर महामार्गावरच मोठी झाली. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली, त्यानंतर शहरात सायकलींचे वारे शिरले. पॅरिसच्या ओडॅक्स क्लबच्या नियमांनी होणाऱ्या, 200 किलोमीटरला साडेतेरा तास आणि 600 ला 40 तास देणाऱ्या ब्रेव्हे मोहिमाही आपल्याकडे बहुतेक मोठ्या रस्त्यांनीच जातात. हे खरेच आहे, आणि माझ्या मुद्द्याला ते पुष्टीच देते. 1891 मध्ये पॅरिसहून निघालेला सायकलस्वारही राजमार्गानेच गेला होता. सलग चांगला पृष्ठभाग, रात्रीचा चहा आणि पंक्चरवाला जिथे असतो तिथेच लांब पल्ल्याची सुरुवात होते. आतल्या रस्त्यावर ही मंडळी वळतील ती त्या रस्त्यावर भरवसा ठेवता आला की.

आणि खरी उणीव इथेच आहे. फ्रान्समध्ये ठरावीक टप्प्याची निगा राखणारा पगारी रस्ताकामगार असे. तो चर साफ करी, खड्डा लहान असतानाच बुजवी. आपल्याकडेही मैलकुली होता, फावडे-घमेले घेऊन आपल्या मैलाचा राखणदार. कामे ठेक्याने जाऊ लागली तशी ही व्यवस्था विरत गेली. रस्ता बांधण्याला उद्घाटन असते, राखण्याला नसते. त्यामुळे मोहाडी-जानोरीच्या परिसराला गॅस्कनीशी जोडताना उपमा जमिनीला लागू पडते, पृष्ठभागाला दर पावसाळ्यानंतर लागू पडेलच असे नाही.

एवढे सांगून झाल्यावर हे रस्ते असेच अरुंद राहावेत अशी इच्छा सायकलस्वाराला होणार, आणि ती मान्य करता येणार नाही. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाची खुडणी चालते तेव्हा याच एकेरी पट्ट्यावर पिकअप आणि ट्रॅक्टर समोरासमोर येतात, उशीर झाला तर तोटा बागाईतदाराचा होतो. म्हणून गावे रस्त्याची दर्जोन्नती मागतात: ग्रामाचा इजिमा, इजिमाचा प्रजिमा. त्यांची मागणी रास्त आहे, कारण आणा आणि खडी त्यांच्या घरातून गेली होती. तसा रस्ता रुंद झाला की गर्दी त्यावर येईल आणि सायकल आणखी एक पायरी खाली उतरेल. तिथे पाणंद रस्ते आहेत. त्यांच्या मजबुतीकरणासाठी 2021 मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली, शेतातला माल चिखलात अडकू नये म्हणून.