आकडी : वर्धा जिल्ह्यातील उपचारांचा इतिहास

शरीराचे स्नायू इच्छेविना जोराने आकुंचन पावून झटके येऊ लागले म्हणजे त्यास आकडी येणे असे म्हणतात. मेंदूतील तंत्रिका कोशिकांमध्ये अचानक अतिरिक्त विद्युत् क्रिया होणे, हे तिचे नेहमीचे कारण होय. आकडी हे लक्षण आहे, स्वतंत्र रोग नव्हे. तिचे वारंवार, तात्कालिक कारणाविना झटके येतात तेव्हा त्यास अपस्मार (फेफरे, मिरगी) म्हणतात. चरकसंहितेत अपस्माराचे वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक असे चार प्रकार वर्णिले आहेत. शास्त्रकारांनी रोग म्हणून नोंदलेली ही अवस्था लोकसमजुतीत मात्र बाहेरची बाधाच राहिली, आणि वैद्याआधी मांत्रिकाला बोलावण्याची प्रथा दीर्घकाळ टिकली.

वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाचा इतिहास सेवाग्रामच्या रुग्णालयाशी निगडित आहे. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९४५ मध्ये तेथे स्त्रिया व मुले यांच्यासाठी १५ खाटांचे कस्तुरबा रुग्णालय सुरू झाले. आकडीचा धोका विशेषतः याच दोन वर्गांना असतो. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना तीव्र ज्वरात आकडी येते. ती भयप्रद दिसली, तरी बहुधा निरुपद्रवी असते. गरोदरपणी रक्तदाब वाढून येणारी आकडी मात्र माता व अर्भक दोघांच्याही जिवावर बेतते. तीवर मॅग्नेशियम सल्फेट हे सर्वांत गुणकारी औषध असल्याचे १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय चाचणीने सिद्ध झाले. नाळ अस्वच्छ हत्याराने कापल्याने नवजातास होणाऱ्या धनुर्वाताचे आचके मातेला लस दिल्याने टळतात. या रोगाचे भारतातून २०१५ मध्ये निर्मूलन झाल्याचे मान्य करण्यात आले.

सेवाग्राम येथे १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. तिच्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते. सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्यविमा देण्याची तिची योजनाही प्रसिद्ध आहे. अपस्मारात अशा व्यवस्थेचे मोल मोठे, कारण औषध वर्षानुवर्षे व अखंड घ्यावे लागते आणि ते अचानक थांबविल्यास आकडी अधिक तीव्रतेने उलटते. सावंगी (मेघे) येथे १९९० मध्ये दुसरे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. कापूस पिकविणाऱ्या या प्रदेशात कीटकनाशकांची विषबाधा हेही आकडीचे एक कारण होय. त्यांपैकी एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली.

औषधे उपलब्ध होऊनही कलंक ओसरला नाही. फेनोबार्बिटोन १९१२ पासून, तर फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आहे. योग्य उपचारांनी सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. असे असता १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे अपस्माराचे झटके हे विवाहाच्या अपात्रतेचे कारण ठरविले गेले. ही अन्यायकारक तरतूद १९९९ मध्ये वगळण्यात आली. मुलीचा आजार लपविण्याची कुटुंबांची वृत्ती त्यानंतरही पुरती गेलेली नाही.

आकडी आलेल्या व्यक्तीस कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे. दाब देऊन धरू नये, तोंडात चमचा वा पाणी घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगविल्याने काहीही साधत नाही. झटके पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास, लागोपाठ आल्यास, प्रथमच आल्यास वा रुग्ण गरोदर असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.