भोपाळ: वापर बदलत टिकलेल्या वास्तू

भोपाळचा बडा तालाब अकराव्या शतकात परमार राजा भोजाने घातलेल्या बांधामुळे झाला, असे परंपरा सांगते. अठराव्या शतकात याच बांधावर राणी कमलापतीचा महाल उभा राहिला. १७९४ मध्ये नवाब हयात मुहम्मद खान यांचे मंत्री छोटे खान यांनी खालच्या अंगाला आणखी एक तलाव बांधला. तोच छोटा तालाब. आधीच्यांनी केलेल्या कामावर पुढचे काम उभे करायचे, ही या शहराची जुनी रीत. इथल्या महालांचे पुढे काय झाले, तेही याच रीतीने समजते.

१८१९ ते १९२६ या काळात, मधली काही वर्षे सोडता, भोपाळचा कारभार चार बेगमांच्या हाती होता. पहिल्या कुदसिया बेगमेने १८२० च्या सुमारास बड्या तालाबाच्या काठी गौहर महाल बांधला. काठाच्या उतारावर वेगवेगळ्या पातळ्यांवर चढत गेलेली दालने, मधले मोकळे चौक, चौकांभोवती कमानींच्या ओवऱ्या आणि कोरीव लाकडी खांब अशी त्याची रचना आहे. पाण्यावरून येणारा वारा चौकात खेळतो आणि ओवऱ्यांची सावली आतल्या खोल्यांवर थेट ऊन येऊ देत नाही. शाहजहाँ बेगमेने १८७१ ते १८८४ या काळात बांधलेल्या ताजमहाल या राजवाड्याच्या परिसरात हाच विचार पाण्याच्या बाबतीत दिसतो. मोतिया तालाब, नवाब सिद्दीक हसन खान तालाब आणि मुन्शी हुसेन खान तालाब हे तिन्ही उतारावर एकाखाली एक आहेत. वरचा भरला की जादा पाणी खालच्यात उतरते. आज पर्जन्यजल-संवर्धनाचे आराखडे करणाऱ्यांनी ही रचना जागेवर जाऊन पाहावी, इतकी ती सोपी आणि नेमकी आहे.

बेगमांनी बांधलेल्या वास्तूंची खरी कसोटी संस्थानी काळ सरताना लागली. १९४७ च्या फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना ताजमहालात आसरा मिळाला. पुढे त्यांची वस्ती बैरागढला झाली. मोठ्या संकटात इतक्या कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर आले, हे त्या राजवाड्याचे मोलाचे काम होते. पण डागडुजीवाचून झालेला भरगच्च वापर आणि त्यानंतरचे ओसाडपण यांत इमारत खचत गेली. २००५ मध्ये तिला राज्य संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला, तोवर बरेच काही ढासळले होते.

१ जून १९४९ रोजी भोपाळ संस्थान भारत सरकारच्या थेट कारभाराखाली आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी शहर नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. तिथले, तसेच ग्वाल्हेर-इंदूरचे कर्मचारी भोपाळला आले आणि त्यांत मराठी घरे पुष्कळ होती. त्यांच्यासारख्यांसाठी सरकारी क्वार्टर्सच्या नव्या वसाहती उठल्या. त्यांतल्या एकीचे नाव तात्या टोपे नगर, बोलण्यात टीटी नगर. घरे नवी बांधता आली, पण विधानसभा आणि कचेऱ्या तातडीने हव्या होत्या. त्या जुन्या इमारतींत बसवल्या गेल्या.

मिंटो हॉलचा इतिहास या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. नोव्हेंबर १९०९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. सुलतान जहाँ बेगमेने सुरू केलेले काम तिचा मुलगा नवाब हमीदुल्ला खान यांच्या काळात, सुमारे २४ वर्षांनी, पुरे झाले. त्यानंतर तिथे संस्थानी सैन्याचे मुख्यालय होते, पोलिसांचेही होते, काही काळ हॉटेल होते आणि १९४६ ते १९५६ हमीदिया कॉलेज होते. १९५६ पासून पुढची चाळीस वर्षे राज्याची विधानसभा इथेच भरली. १९९६ मध्ये ती नव्या भवनात गेली. २०१८ मध्ये दुरुस्तीनंतर मिंटो हॉल संमेलन केंद्र म्हणून खुला झाला, आणि २०२१ मध्ये त्याला धार इथे जन्मलेले मराठी भाषक नेते कुशाभाऊ ठाकरे यांचे नाव मिळाले. एका इमारतीने एवढी कामे पेलली, याचे श्रेय मोठ्या मधल्या दालनाला आणि जाड भिंतींना जाते. विटा भाजायला, सिमेंट बनवायला आणि दगड वाहून आणायला लागणारी ऊर्जा एकदाच खर्ची पडली आणि शतकभर कामी आली. पर्यावरणस्नेही वास्तुशास्त्र आज आकडेमोड करून हीच गोष्ट सांगते.

नव्या बांधकामातही भोपाळने जुनी समज सोडली नाही. चार्ल्स कोरिया यांचे भारत भवन १३ फेब्रुवारी १९८२ रोजी शामला टेकडीवर खुले झाले. रस्त्यावरून पाहणाऱ्याला इमारत जवळपास दिसतच नाही. टेकडीच्या उतारात खोदलेल्या चौकांतून पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरायचे; दालनांना उजेड या चौकांतून आणि वरच्या झरोक्यांतून मिळतो. गौहर महालाच्या चौकांशी तिचे नाते उघड आहे. अरेरा टेकडीवरच्या वर्तुळाकार विधान भवनाची रचनाही कोरिया यांचीच. त्याला १९९८ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

शामला टेकडीवरच, सुमारे २०० एकरांत, इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे. इथल्या खुल्या प्रदर्शनातली आदिवासी घरे त्या त्या समाजाच्या कारागिरांनी आपल्याकडचे साहित्य आणून, आपल्या पद्धतीने बांधली. त्यांत वारली घरही आहे. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप आणि वर गवताचे छप्पर असे वारली घर असते. लेप धुऊन जातो, गवत कुजते. म्हणून अशा घराची दुरुस्ती हा त्याच्या बांधणीचाच भाग ठरतो, आणि ती जाणणारी माणसे संग्रहालयाला पुन्हापुन्हा लागतात. लोकसहभागाच्या वास्तुरचनेवर बरेच बोलले जाते. इथे ती भिंतीवर हात फिरवून पाहता येते. शेजारचे मध्य प्रदेश जनजातीय संग्रहालय (२०१३) मातीच्या बांधकामासाठी नावाजलेल्या रेवती कामथ यांच्या स्टुडिओने रचले.

अलीकडे जुन्या महालांच्या पुनर्वापराचा कल हॉटेलांकडे आहे. जनरल ओबैदुल्ला खान यांनी बांधलेला जहाँनुमा पॅलेस १९८३ मध्ये हॉटेल झाला. नूर-उस-सबाह महालाचेही तसेच झाले. शाहजहाँ बेगमेच्या काळातल्या सदर मंझिलमध्ये अनेक वर्षे महापालिकेची कचेरी होती. स्मार्ट सिटी योजनेतून दुरुस्ती होऊन तीही त्याच वाटेने गेली. भिंती वाचल्या हे चांगलेच झाले. मात्र नागरिक जिथे कामासाठी सहज जात असत, तिथे आता खर्च परवडणाराच जाणार, हे नुकसान हिशेबात धरायला हवे.

सरकारी क्वार्टर्सच्या वसाहतींबाबत लोकांनी हा हिशेब स्वतःच मांडला. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पुनर्विकासासाठी शिवाजी नगर आणि तुलसी नगर निवडले गेले होते. तिथली दाट झाडी तुटणार म्हणून रहिवाशांनी विरोध केला आणि योजना टीटी नगरला हलली. तिथली जुनी क्वार्टर्स पाडली गेली. जून २०२४ मध्ये मंत्री आणि आमदारांच्या नव्या निवासांसाठी पुन्हा त्याच दोन वसाहतींचा प्रस्ताव आला. सुमारे २९ हजार झाडे जातील, असे तेव्हा सांगितले जात होते. रहिवासी झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, खोडांना रक्षासूत्रे बांधली गेली, आणि त्याच महिन्यात सरकारने प्रस्ताव मागे घेतला.